नॉरीनची बाजू

गाडीला वॅक्स लावावं की सीलंट, हा प्रश्न गेल्या सव्वीस वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल, देव जाणे. ॲडलेडपासून दोन तासांवरच्या वॉलरूच्या मुख्य रस्त्यावर, पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या करंजीच्या बेकरीला लागून गाड्यांच्या सुट्या भागांचं जे दुकान आहे, त्याच्या काउंटरमागे मी उभा असतो. लोक दोन्ही डबे हातात घेऊन येतात आणि बाजारात वांगी निवडावीत तसे उलटेपालटे करत बसतात. मी सगळ्यांना एकच सांगतो. वॅक्स म्हणजे मेण. दिसायला देखणं, लावायला मऊ, पण डब्यावर आठ आठवडे लिहिलं असलं तरी आपल्या खाऱ्या वाऱ्यात सहाच धरा. सीलंट म्हणजे कारखान्यातलं रसायन. चमक जरा कोरडी, पण एकदा लावलं की वर्षभर बघायला नको. रविवार मोकळा हवा असेल तर सीलंट घ्या. रविवारचं करायचं काय हाच प्रश्न असेल तर वॅक्स घ्या.

हे शेवटचं मी विनोद म्हणून म्हणायचो. बाकी काउंटरवर मी थापा मारत नाही. मी काही संत नाही, पण गाव चार हजारांचं आहे. आज कुणाला खोटं सांगून डबा खपवला तर तोच माणूस उद्या मासळीच्या रांगेत पुढे उभा असतो.

ग्लिन पास्को हा माझा वॅक्सवाला. धान्याच्या कोठारांपाशी, ट्रकांच्या वजनकाट्यावर त्याने चौतीस वर्षं काढली. बार्लीचा ट्रक काट्यावर चढला की आकडा उजळायच्या आधी हा तोंडाने वजन सांगायचा आणि पोत्या-दोन पोत्यांच्या फरकाने बरोबर निघायचा. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, डोक्यावर कायम एकच उन्हाने रंग उडालेली टोपी. मी नवा होतो तेव्हा त्याला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटायची नाही. बापाच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करायची ही इथली रीत. एकदा मी चुकून 'मिस्टर पास्को' म्हटलं, तर त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. म्हणाला, "बाप आला की काय माझा? त्याला आम्ही सत्त्याहत्तरात पुरलाय." त्या दिवसापासून तो ग्लिन.

त्याची गाडी म्हणजे १९७४ची गर्द लाल होल्डन किंग्सवुड. ज्या वर्षी लग्न केलं त्याच वर्षी घेतलेली. आणि त्या गाडीचा नियम असा होता, की ती अर्धी ग्लिनची आणि अर्धी नॉरीनची. नॉरीन म्हणजे त्याची बायको. बॉनेटच्या नाकापासून टपावरून डिकीपर्यंत मधोमध एक रेघ होती. ती पत्र्यावर कुठे काढलेली नव्हती, दोघांच्या डोक्यात होती. उजवी बाजू चालवणाऱ्याची म्हणून ग्लिनची, डावी बसणारीची म्हणून नॉरीनची. दर सहाव्या रविवारी सकाळी दोघं आपापल्या बाजूला आपापला डबा घेऊन वॅक्स लावायची. डबेसुद्धा वेगळे. "त्याच्या डब्यात वाळू असते," असं नॉरीन म्हणायची.

मी एकदा त्यांच्याकडे हॉर्नचा भाग पोचवायला गेलो तेव्हा हे स्वतः पाहिलं. नॉरीन बुटकी. टपापर्यंत हात पुरायचा नाही, म्हणून दुधाच्या बाटल्यांचं एक प्लास्टिकचं खोकं पालथं घालून त्यावर चढायची. ग्लिन टपाच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूने हिचं पिकलेलं डोकं वर आलेलं.

"ग्लिन, तुझं फडकं माझ्या हद्दीत आलंय."

"अगं, बोटभर आलंय."

"बोटभर म्हणतच लोकांनी दुसऱ्याची शेतं खाल्ली. घे मागे."

"विश, तू सांग बरं. साक्षीदार तू. कुठे आलंय?"

मी म्हटलं, मला हॉर्नपुरतं बोलावलंय, मी सरहद्दीच्या भानगडीत पडत नाही. तर नॉरीन म्हणाली, "भित्रा आहे. पण चहा दे त्याला."

ऑक्टोबरच्या लांब सुट्टीत गावाच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे एका वर्षी परीक्षकाने किंग्सवुडभोवती दोन फेऱ्या मारल्या, बूड वर करून पत्र्यालगत नजर लावली आणि म्हणाला, गाडी उत्तम, पण डावी बाजू उजवीपेक्षा केसभर सरस आहे. झालं. नॉरीनने ते वाक्य वर्षभर गावभर फिरवलं. शाळेच्या खानावळीत ती काम करायची, तिथल्या पोरापोरांना ठाऊक झालं. ग्लिन दुकानात येऊन कुरकुरायचा, "सावलीची बाजू मिळते तिला. उजव्या बाजूला ऊन लागतं. परीक्षकाला ऊन कळत नाही?" पण कुरकुरताना गडी आतून फुललेला असायचा.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी, नॉरीन कपडे वाळत घालता घालता दोरीखालीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं. त्याच्या आधीच्याच रविवारी तिने तिची बाजू केली होती.

मी अंत्यविधीला गेलो होतो. ग्लिन शवपेटीच्या डाव्या बाजूला उभा राहिला, मग काहीतरी आठवल्यासारखा वळसा घालून उजवीकडे गेला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

त्यानंतर मला तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्हींचा मी चुकीचा अर्थ लावला. एक म्हणजे, जिथे वर्षाला दोन डबे लागायचे तिथे तो एकच न्यायला लागला. मला वाटलं, गाडी कमी काढत असेल. दुसरं म्हणजे, दुकानाच्या आवारात तो गाडी पत्र्याच्या कुंपणाला डावी बाजू इतकी चिकटवून लावायचा की मधून मांजर गेलं नसतं. मला वाटलं, नजर अधू झाली. आणि प्रदर्शनाला विचारलं की म्हणायचा, "पुढच्या वर्षी." मला वाटलं, दुःखातला माणूस, नसेल वाटत. गावातल्या आणखी कुणी फुटपाथवरून काही पाहिलं असेल तर बोललं नाही. आमच्याकडे माणसाच्या बायकोबद्दल पाठीमागे बोलतील, गाडीबद्दल नाही.

बाकी तो दर गुरुवारी दहाला यायचा आणि बाराला जायचा. घ्यायचं काही नसायचं. फडताळातला एकेक डबा काढायचा, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचायचा आणि परत जागेवर ठेवायचा, नाव पुढे येईल असा. मध्येच प्रश्न विचारायचा, ज्यांची उत्तरं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती.

"विश, यात मेण किती असेल रे?"

"चिमूटभर. बाकी रॉकेल."

"वाटलंच मला," म्हणून पुढचा डबा.

कधी कधी माझं डोकं फिरायचं. समोर गिऱ्हाईक, फोन वाजतोय, आणि हा मेणाचं गणित विचारतोय. एकदा मी चिडून म्हणालोही, "ग्लिन, वाचनालय दोन दुकानं सोडून पुढे आहे." तो हसला, टोपीला हात लावला आणि गेला. पुढच्या गुरुवारी आला नाही. त्या दोन तासांत मी चार वेळा दाराकडे पाहिलं. मला वाटायचं वैताग त्याच्या येण्याचा आहे, पण तसं नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा मी आपणहून त्याला नव्या डब्याची मागची बाजू वाचायला दिली.

माझं म्हणाल तर माझी बायको सात वर्षांपूर्वी नातवासाठी म्हणून मुलाकडे पर्थला गेली ती तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. दर बुधवारी फोन होतो. माझा रविवार म्हणजे पाच शर्टांना इस्त्री आणि रेडिओवरचं क्रिकेट. क्रिकेट नसेल तर नुसती इस्त्री.

यंदा ऑगस्टमध्ये ग्लिन आला तो उजवा हात झोळीत बांधून. सरळ काउंटरपाशी आला.

"विश, ती बाटली दाखव."

"कुठली?"

"ती तुझी लाडकी. वर्षभर टिकते म्हणून गावाचे कान किटवतोस ती."

आमच्याकडे समुद्र पश्चिमेला आहे. मी म्हटलं, "आज सूर्य जेटीकडून उगवला वाटतं! पन्नास वर्षं सीलंटला नावं ठेवलीस, त्याचं काय?"

"खांदा गेला. आतली दोरी तुटली म्हणे. डॉक्टर म्हणतो, गोल गोल हात फिरवायचं आता विसर. चहासुद्धा डाव्या हाताने ढवळ म्हणाला."

"मग सीलंटच घे. त्यात लाज कसली? पण नीट ऐक. आधी जुनं वॅक्स सगळं काढायला लागेल. कडक साबणाने धुवायचं, मग रुतलेली घाण ओढून घेणारी ती चिकणमातीची वडी फिरवायची, मग पॉलिश. रंग अगदी उघडा झाल्याशिवाय हे धरत नाही."

"सगळं काढायचं?"

"सगळं."

"आणि समजा, एका बाजूचं राहू दिलं?"

"राहू कशाला द्यायचं? मेणावर ते बसतच नाही. तुला माहीत नाही का हे?"

ग्लिनने बाटली उचलून डाव्या हाताने परत फडताळात ठेवली. घसरून वाकडी बसली, तर नाव पुढे येईपर्यंत फिरवत राहिला. मग जातो असंही न म्हणता गेला. खिडकीतून पाहिलं, तर गाडी कुंपणाला चिकटलेली, आणि हा एका हाताने चाक फिरवून ती बाहेर काढतोय.

दोन दिवसांनी केरिनचा फोन आला. केरिन म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, ॲडलेडला नर्स आहे.

"विश, बाबांच्या गाडीचं काहीतरी कर ना. मी फोन केला की ते दोनच वाक्यं बोलतात. हवा बरी आहे आणि गाडी बरी आहे. त्यातलं हवेचं तेवढं खरं असतं."

"गाडीला काय झालंय?"

"तेच तर कळत नाही! फोटो मागितला की उजव्या बाजूचा येतो. दर वेळी उजव्याच बाजूचा. मी गेले की गाडी शेडमध्ये भिंतीला टेकवलेली, वर चादर. ती आईचीपण गाडी होती रे. मी तुझ्याकडून ती वर्षभर टिकणारी बाटली मागवते, तू रविवारी जाऊन लावून ये. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

"माझं कोण ऐकतंय? मी दुकानात उभा असतो म्हणून लोक ऐकतात."

"पण जाशील ना?"

गेलो. रविवारी सकाळी नऊला बाटली, मातीची वडी, पॉलिश आणि डझनभर फडकी पिशवीत घालून समुद्राकडच्या रस्त्याला त्याच्या घरी गेलो. ग्लिन शेडच्या तोंडाशी खुर्चीवर बसला होता. मला पाहून उठला नाही.

"केरिनने पाठवलं."

"तिने पाठवलं, पण आलो मी. गाडी बाहेर काढ."

"नको."

"बरं, मग मी काढतो. किल्ली आतच असते, साऱ्या गावाला माहीत आहे."

त्याने अडवलं नाही. मला वाटतं, चार वर्षं अडवून अडवून तो दमला होता. मी गाडी मागे घेऊन अंगणात, उन्हात उभी केली, उतरलो, वळसा घालून पलीकडे गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

उजवी बाजू आरशासारखी होती. डावी बाजू मेली होती. गर्द लाल रंगाचा फिका गुलाबी झाला होता, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा. बोट फिरवलं तर बोटाला भुकटी आली. मागच्या दारावर तर रंग संपून खालचा राखाडी थर वर आला होता. त्याच्याखाली पत्रा, आणि पत्र्याला आमचा खारा वारा लागला की गंज किती दिवसांत धरतो हे ग्लिनइतकं कुणाला माहीत असणार! आणखी एक उन्हाळा, की ती बाजू कायमची गेली असती. आणि बॉनेटच्या नाकापासून डिकीपर्यंत, मधोमध, ती रेघ आता खरोखर दिसत होती. त्याने बोटभरही ओलांडली नव्हती.

मी संतापलो. सव्वीस वर्षं लोकांच्या रंगांची काळजी वाहिलेला माणूस मी, मला ते बघवेना.

"ग्लिन, हे काय करून ठेवलंस? हात का लावला नाहीस इकडे?"

"लावतो की. पाणी मारतो. पक्ष्यांची घाण ओल्या कापसाने उचलतो. घासत नाही."

"का?"

"तिचा हात आहे त्यावर. शेवटचा."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण तोंड माझं. "अरे बाबा, वॅक्स आहे ते, लोखंड नव्हे! सहा आठवडे टिकतं. मार्चमध्ये लावलेलं मे उजाडेपर्यंत उडून गेलं. चार वर्षं तू कशावर पहारा देतोयस? तिथे काही नाही!"

बोललो आणि लगेच जीभ चावली. मला माझी लाज वाटली. विधुर माणसाच्या अंगणात येऊन मी त्याला त्याच्या बायकोचं मेण किती दिवस टिकतं हे ओरडून सांगत होतो.

ग्लिन उठला. हळूहळू नळापाशी गेला, डाव्या हाताने रबरी नळी ओढत आणली आणि टपाच्या मधोमध पाण्याची धार धरली. उजवीकडे पाण्याचे गोल गोल मणी झाले आणि धावत खाली गेले. डावीकडे पाणी पसरट होऊन रंगात जिरलं.

"मला शिकवतोस?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "त्याच वर्षी जूनमध्ये पाऊस पडला. मी इथेच उभा होतो. असंच झालं. माझ्याकडे मणी, तिच्याकडे काही नाही. तेव्हाच कळलं मला, गेलं म्हणून."

"मग कळल्यावर का नाही केलंस?"

"केलं की. म्हणजे करायला गेलो. तिचा डबा घेतला, तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो." त्याने नळी खाली टाकली. पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होतं. "तू म्हणशील म्हातारा चळला. पण विश, जवळजवळ पन्नास वर्षं मी माझ्या बाजूने वर बघितलं की टपापलीकडे तिचं डोकं दिसायचं. ती गेली, मी माझी बाजू करतो, वर बघतो, डोकं नाही. ते कळतं मला. ती नाही, म्हणून डोकं नाही. पण त्या दिवशी तिच्या बाजूला उभा राहून मी पलीकडे बघितलं, तर तिथेसुद्धा कुणी नाही."

पाणी वाहत माझ्या पायांपर्यंत आलं.

"माझ्या बाजूला उभा असलो की निदान माझ्या बाजूला मी तरी असतो," तो म्हणाला. "दोनदा प्रयत्न केला. नाही जमलं."

मी जाऊन नळ बंद केला. मग पिशवीतून साबण काढला आणि म्हटलं, "चल, तुझ्या बाजूला जा."

"काय?"

"तुझ्या बाजूला जाऊन उभा राहा. डाव्या हाताने जमेल तेवढं कर, नाही जमलं तर नुसता उभा राहा. इकडचं मी बघतो."

त्याने माझ्या हातातल्या साबणाकडे पाहिलं. नाही म्हणेल असं मला वाटलं. मग झोळी सारखी केली आणि बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेला.

आम्ही कामाला लागलो. धुतलं, मातीची वडी फिरवली, पॉलिश चोळलं. जुना रंग असा असतो की चोळलं की तोच फडक्यावर उतरतो. एकामागून एक फडकी लाल होत गेली आणि पत्र्यावर हळूहळू खालचा गर्द रंग जागा झाला. आधी पुढचं मडगार्ड, मग पुढचं दार. मागच्या दारावरचा हातभर भाग मात्र राखाडीच राहिला. तो आता रंगवल्याशिवाय येणार नव्हता. ग्लिनला सांगितलं, तर म्हणाला, "राहू दे. परीक्षकाला सांगू, ऊन लागलं."

टप राहिला होता. मी टाचा उंचावल्या, हात मध्यापर्यंत पुरेना. उंचीच्या बाबतीत देवाने माझ्याशीही काटकसर केली आहे. शेडच्या कडेला, भिंतीलगत ते दुधाचं खोकं पालथं पडलेलं होतं. आत कोळ्याचं जाळं. मी विचारलं नाही. जाळं झाडलं, खोकं आणून दाराशी ठेवलं आणि वर चढलो.

टपापलीकडे ग्लिन वाकून फडकं फिरवत होता. त्याने वर पाहिलं. फडकं थांबलं.

मी उगीच पत्र्याकडे बघत चोळत राहिलो. डोळे वर केले असते तर आमची दोघांचीही पंचाईत झाली असती. मग पलीकडून आवाज आला.

"विश, तुझं फडकं माझ्या हद्दीत आलंय."

"बोटभर आलंय."

"घे मागे."

मी मागे घेतलं.

चार वाजले तेव्हा गाडी उन्हात वाळत उभी होती. दुपारी बेकरीतून आणलेल्या पेस्टीचे कागद बाकावर पडले होते. मी सीलंटची बाटली उघडली. "तुझी बाजू उघडी झाली आहे. लावू?"

"लाव. वर्षभर टिकेल म्हणतोस?"

"वर्षभर."

"मग माझ्या बाजूचं मला काही करायला नको."

"नको."

उजव्या बाजूला सीलंट लावून, पुसून मी डावीकडे आलो आणि बाटली फडक्यावर वाकडी केली, तेवढ्यात तो म्हणाला, "तिकडे नको. तिकडे वॅक्स लाव." शेडमध्ये जाऊन त्याने एक डबा आणला. नॉरीनचा. वरचं मेण वाळून भेगाळलेलं होतं, खालचं ठीक होतं.

"ग्लिन, वेडा आहेस का? वॅक्स लावलं तर ते परत परत लावायला लागणार. दर सहा आठवड्यांनी. तुझा खांदा हा असा. कोण करणार?"

"कुणीतरी करायला लागेल खरं," तो म्हणाला. माझ्याशी नाही, नळीशी. ती तो एका हाताने गुंडाळत होता आणि ती परत परत सुटत होती.

त्याहून जास्त तो बोलणार नव्हता. ही माणसं बुडताना हात वर करतील तो 'ठीक चाललंय' म्हणून सांगायला. मी त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. माझ्या घरी पाच शर्ट दोरीवर होते आणि आज रेडिओवर क्रिकेट नव्हतं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि नॉरीनच्या डब्यात फडकं बुडवलं.

"सहा नाही, चार," मी म्हटलं.

"काय चार?"

"आठवडे. रंग इतकी वर्षं उघडा पडलेला, त्यात हा खारा वारा. या बाजूला सहा आठवडे टिकायचं नाही. चारच धर. एक दिवस वर नाही."

सव्वीस वर्षं काउंटरमागे उभा राहून मी वॅक्सबद्दल कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते कुणाला, तर पन्नास वर्षं तेच वॅक्स लावलेल्या माणसाला.

ग्लिनने नळी खाली ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग डाव्या बाजूकडे. ट्रक काट्यावर चढल्यावर आकड्याआधी वजन सांगणारा माणूस तो. त्याला काही कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

"चार," तो म्हणाला. "बरं. मग ते खोकं तिथेच राहू दे."